जिन्याच्या वळणावर लिंबाजी काका

लिंबाजी काकांवर अन्याय झाला तो यंदाच्या अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, आमरसाच्या वाट्या ताटात असताना. अन्याय करणारे दोघं. सख्खे भाऊ, शिकलेले, दोघांच्याही कपाळावर सकाळच्या पूजेचं गंध. आणि लिंबाजी काकांचा गुन्हा काय, तर ते चांगलं बोलले. एवढ्यावरून उभं आयुष्य राबलेल्या माणसाला त्याच दुपारी घराबाहेर काढलं.

मी घरकामगारांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते. पत्रकात माणसाला दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही. लिंबाजी काका दोन ओळींत मावत नाहीत, म्हणून हे लांबण.

त्यांना ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे त्यांच्या तोंडातला पहिला शब्द. कुणाशीही, कुठेही, काहीही बोलायचं असलं तरी ते खांद्यावरचा पंचा नीट करायचे, किंचित वाकायचे आणि म्हणायचे, "निरोप आहे."

"निरोप आहे. चहा झालाय."

"निरोप आहे. दूधवाला आल्ता, उद्या येणार न्हाई."

एकदा एसटीत ते माझ्या पुढच्या सीटवर होते. कंडक्टर आला तर त्यालाही, "निरोप आहे. एक भोकरदन द्या." कंडक्टरने इकडेतिकडे पाहिलं. "कोणासाठी पाहिजे काका?" "मलाच पाहिजे." "मंग निरोप कोणाचा?" यावर लिंबाजी काका अगदी खरोखर विचारात पडले. निम्मा रस्ता मागे पडला तरी त्यांचा चेहरा तसाच होता.

ही सवय त्यांना लागली ती कोठीत. जालन्यात ज्या शेठांच्या कोठीत ते कामाला होते तिथेच माझी आई स्वयंपाक करते, म्हणून हे सगळं मला घरबसल्या कळत आलं. शेठ लोकांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की त्यांच्या शिव्यासुद्धा मराठवाड्याच्या आहेत. सध्याच्या शेठांच्या आजोबांनी कधी काळी छावणीत कुण्या इंग्रज साहेबाचा बंगला पाहिला आणि हुबेहूब तसा बांधून घेतला. लांब व्हरांडा, लाकडी जिना, आणि दिवाणखान्यात भिंतीत कोरलेली शेकोटीची जागा, वर धुराडं. शेकोटी! जालन्यात! जिथे मे महिन्यात साध्या नळाला कढत पाणी येतं!

त्या शेकोटीत आजवर एक लाकूड जळालं नाही, पण सगळं घर मात्र तिच्यापायी पेटलं. झालं असं, की एका उन्हाळ्यात छोट्या शेठनी बाजारातून कूलर आणला आणि तो नेमका शेकोटीच्या जागेत बसवला. मापात बसला बिचारा. मोठे शेठ दुकानातून आले, पाहतात तर आजोबांच्या शेकोटीत कूलर.

"तुझी हिंमत कशी झाली? ही आजोबांची निशाणी आहे!"

"आजोबांना पण गर्मी होत होती, दादा!"

बस. त्या दिवसापासून कोठीत युद्ध. मोठे शेठ खाली, छोटे शेठ वर. मोठ्यांच्या पत्नी वारलेल्या, छोट्यांच्या पत्नी मुलाकडे पुण्याला. म्हणजे मध्ये पडायला घरचं कुणी उरलंच नाही. दोघांनी एकमेकांचे फोन ब्लॉक केले. जेवणं वेगळी, टीव्ही वेगळे. खालची घंटी टणटण वाजायची, वरची चिमणीसारखी चिवचिवायची, आणि दोन्हींना धावणारा माणूस एकच. कूलर तसाच शेकोटीत. मोठे शेठ त्याला हात लावायला तयार नाहीत, छोटे शेठ काढायला तयार नाहीत. लिंबाजी काका मात्र दर उन्हाळ्यात त्याच्यात रोज पाणी भरायचे. कूलर कुणी चालू करत नसे, तरी भरायचे.

आई एकदा म्हणाली, "अहो लिंबाजीभाऊ, कशाला उगं?"

"निरोप आहे," काका म्हणाले, "कोरडा पडला की गवत वास मारतं. उद्या दोघं अचानक बसायला आले तर?"

कोण दोघं, हे आईने विचारलं नाही.

आता युद्ध म्हटलं की निरोप आले. पिण्याच्या पाण्याची मोटर, दुकानाची चावी, पुण्याहून आलेला पाहुणा, काहीही असो, भावाने भावाला सांगायचं ते लिंबाजी काकांमार्फत. आणि शेठ लोक निरोप कसा देतात ते मी आईकडून ऐकलंय. "ए लिंबा, त्या वरच्याला सांग, मोटर बंद कर म्हणावं, का बापाची विहीर आहे?" बाप दोघांचा एकच, हे शेठांच्या लक्षात यायचं नाही.

"बराबर पोचवतो," असं म्हणून काका निघायचे. आणि जिन्याच्या मधल्या वळणावर थांबायचे. दर वेळी. एक हात कठड्यावर, मान खाली. सगळ्यांना वाटायचं, गुडघा धरला असेल. मोठ्या शेठनी तर एकदा मालिशचं तेलही दिलं, उपकार केल्यासारखं.

गुडघा ठणठणीत होता. जिना स्वयंपाकघराला लागून, म्हणून हे फक्त आईला माहीत. वळणावर काका निरोप दुरुस्त करत. पुटपुटून बघत. "बापाची विहीर... न्हाई. पाणी जपून... न्हाई, हेबी लागंल." मग एकदाचं जमलं की वर जाऊन, पंचा नीट करून, "निरोप आहे. मोठे शेठ म्हणतात, मोटर लई वेळ चालली तर जळून जाईल, तुम्हाला त्रास होईल."

वरून उत्तर यायचं, "त्याला म्हणावं, तुझ्या जिभेइतकी न्हाई जळत!"

पुन्हा वळण. पुन्हा कठडा. खाली येऊन, "निरोप आहे. छोटे शेठ म्हणतात, बरं झालं आठवण केली."

मोठे शेठ पेपर खाली करायचे. "असं म्हणाला?"

"बिलकुल."

"हं." आणि पेपर पुन्हा वर.

आई हसून हसून पदर तोंडात धरायची. मी मात्र तडकायचे. म्हणायचे, काका, या लोकांची भांडणं तुमच्या पायांवर का? दिवसातून इतकी चढउतार, आणि वर भाषा गोड करून द्यायची ती वेगळी. हे काम कोणत्या कामात धरलंय?

"पुढारीण," ते मला पुढारीणच म्हणत, "निरोप आहे. वाईट बोलणं जिन्यानं वर न्यायला लई जड जातं. म्हातारा माणूस मी. मंग थोडं वळणावर उतरवून ठिवतो."

"आणि तुम्ही जेवता कधी?" हे आई विचारायची. कारण काकांना जेवताना कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांचं ताट घासायला पडलेलं असायचं, म्हणजे जेवत असणार. पण कुठे, कधी? आईची शंका होती, की दोन घंट्यांच्या मधल्या वेळात उभ्या-उभ्याच घास तोंडात टाकत असतील. यावर काकांचं ठरलेलं उत्तर, "निरोप आहे. झालंय." आणि तेवढ्यात चिमणी चिवचिवायची.

काकांनी निरोप दुरुस्त केले तोवर ठीक होतं. पुढे ते स्वतःचे निरोप घालायला लागले. सुरुवात झाली ती छोट्या शेठना शुगर निघाली तेव्हा. त्या दुपारी वर ताट नेताना त्यांनी वळणावर बराच वेळ काढला. मग वर जाऊन म्हणाले, "निरोप आहे. मोठ्या शेठनी विचारलंय, जेवले का?"

छोट्या शेठनी टीव्हीचा आवाज कमी केला. "सांग, जेवतोय."

मग खाली. "निरोप आहे. छोटे शेठ जेवायला बसून राह्यले. त्यांनी विचारलंय, तुम्ही जेवले का?"

तेव्हापासून रोज. एकही दुपार चुकली नाही. खालून वर, वरून खाली, जेवले का, जेवलो, तुम्ही जेवले का. एरवी भांडण चालू, घंट्या चालू, कोर्टात जाण्याच्या धमक्या चालू, आणि बरोबर ताटाच्या वेळेला हा निरोप. आई सांगते, छोटे शेठ त्या वेळेला ताटाच्या आधी दाराकडे बघायला लागले होते. मोठे शेठ तर पहिला घास हातात धरून थांबायचे. निरोप आला की मग खायचे.

आणि आली अक्षय्य तृतीया. आमरसाचं ताट वर नेताना काकांनी त्या दिवशी दोन शब्द जास्तीचे घातले. "मोठे शेठ म्हणतात, रस जपून घ्यावा. शुगर आहे. जीव घाबरतो."

छोटे शेठ ताटावरून उठले. तसेच जिना उतरले, रस लागलेल्या हाताने. लिंबाजी काका मागे. आई स्वयंपाकघराच्या दारात. छोटे शेठ मोठ्यांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले,

"दादा, तुम्ही रोज विचारता. आज मीच सांगायला आलो. जेवलो मी."

मोठे शेठ बघतच राहिले. "मी? मी कधी विचारलं? तूच विचारतो रोज. मला वाटलं, पस्तावला असशील."

"मी कशाला पस्तावू? मी न्हाई विचारलं कधी!"

"मंग मी पण न्हाई विचारलं!"

आणि मग दोघांच्याही माना हळूहळू लिंबाजी काकांकडे वळल्या.

मला विचाराल तर त्या वेळी दोन्ही भावांनी उठून त्या माणसाच्या पाया पडायला हवं होतं. पण कोठीत तसं होत नसतं. आपल्याला कुणी प्रेमाने विचारत होतं या समजुतीवर आपण रोज जेवत होतो, हे एका नोकराला माहीत आहे, ही गोष्ट शेठ लोकांना सहन होणारी नव्हती. दोघं एका सुरात बोलायला लागले. किती वर्षांनी! "हा आपल्याला खेळवत होता." "बराबर बोललास." "आपल्या घरात राहून आपल्यालाच." "दादा, याला आजच्या आज काढा." तह झाला, आणि तहानंतरची पहिली फौज निघाली ती लिंबाजी काकांवर.

काकांनी पंचा घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. जाताना आईला म्हणाले, "निरोप आहे. कूलरमधी पाणी भरलंय. आता चालू करायला हरकत न्हाई."

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. 'लिंबाजी काकांना न्याय द्या' असं ठळक अक्षरात. कोठीसमोर बसायचं ठरलं, बायाही तयार झाल्या. छापण्याआधी ते वाचून दाखवायला मी काकांना एसटी स्टँडवर गाठलं. ते एका पिशवीसह भोकरदनच्या गाडीची वाट पाहत बसले होते. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी नीट ऐकलं.

"निरोप आहे," ते म्हणाले. "हे फाडून टाक, पुढारीण."

"का म्हणून? भीती वाटते का त्यांची?"

"अगं, आत्ता कुठं दोघं एका टेबलाला बसून राह्यले. तू घोषणा देशील, मंग एक म्हणंल त्याला परत घ्या, दुसरा म्हणंल न्हाई. झालं. एक वर, एक खाली."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय? माझा निरोप पोचला." गाडी लागली आणि ते पिशवी घेऊन उठले.

पत्रक मी फाडलं नाही, पण वाटलंही नाही. त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्यासाठी भांडायचं कसं, हे आमच्या शिबिरात कुणी शिकवलेलं नाही.

मागच्या महिन्यात कामासाठी भोकरदनला गेले, तेव्हा आईने डबा दिला. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. "लिंबाजीभाऊंना दे. आणि विचार, जेवलात का?" बाजारामागे एका खोलीत ते एकटे राहतात. पुतण्या आहे, पण तो गाडीवर असतो, आठवडा-आठवडा घरी नसतो. काका ओट्यावर बसले होते. समोरून माणसं जात होती, पण काकांशी कुणाचं काम नव्हतं. खांदा पंच्याविना उघडा वाटत होता.

"निरोप आहे. बस," ते म्हणाले.

मी कोठीचं सांगितलं. दोघं भाऊ एकत्र जेवतात, कूलरची हवा खातात, भांडतातही, पण तोंडावर. काकांना फार बरं वाटलं. "माझी आठवण काढतात का?" असं त्यांनी विचारलं नाही, मीही त्या बाजूला गेले नाही.

मग डबा पुढे केला. "आईनं विचारलंय, जेवलात का?"

काकांचा हात डब्यावरच थांबला. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, शाळेत मास्तर बघतात तसं.

"खरंच विचारलं का तिनं? का तू मधी घातलं?"

"खरंच विचारलं काका."

"नक्की? वळणावर काही केलं न्हाई ना?"

मी आईला फोन लावला आणि त्यांच्या कानाला धरला. पलीकडून आईचा मोठा, कोठीत घुमणारा आवाज मलाही ऐकू आला. "लिंबाजीभाऊ! पोरीनं विचारलं का न्हाई? जेवलात का?"

काकांनी डबा जवळ ओढला. मग म्हणाले, "न्हाई जेवलो. बसतो आता."

निरोप आहे, असं म्हणाले नाहीत. मांडी घातली, भाकरी मोडली आणि जेवले. त्यांना जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं. फार सावकाश जेवतात.

आता तुम्हाला. हे वाचणाऱ्या तुम्हालाच. तुमच्याही घरात कुणीतरी ताट वाढतं, भांडी घासतं, जिना झाडतं. आज त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारा आणि विचारा, जेवलात का? दुसऱ्या कुणामार्फत नाही, स्वतः विचारा. "झालंय" असं उत्तर आलं तर ते मान्य करू नका. खरं उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.