द्वारकाबाईंची नाडीपरीक्षा

द्वारकाबाई नर्स रोग्याची नाडी दुसरी बघत. पहिली नाडी रोग्याला घेऊन आलेल्या माणसाची. दारात बैलगाडी थांबून कण्हणारं माणूस उतरवलं गेलं, की या सरळ त्याच्या बापाचं नाहीतर बायकोचं मनगट धरत आणि पदराला टाचलेल्या घड्याळाकडे बघत उभ्या राहत. बाप बिचारा म्हणे, "बाई, आजारी त्यो हाय." बाई म्हणत, "ते मी ठरवते."

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. लोणावळ्याच्या आमच्या दवाखान्यात दहा खाटा, एक डॉक्टर, एक द्वारकाबाई आणि बाटल्या भरणारा मी कंपौंडर. बाई चाळिशीच्या, उंच, दिवस कलला की पाय सुजणाऱ्या. बसल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "कंटाळा आला हो माणसांचा." आणि दोन मिनिटांत त्याच उठून बघायला जात, की तीन नंबरच्या पोरीची आई सकाळपासून रडतेय ती थांबली की नाही.

प्रत्येक खाटेजवळ एकच स्टूल असे. त्यावर कोणी बसायचं हे बाई ठरवत. रेल्वेतल्या एका गँगमनचे दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. बाईंनी एकाला सकाळ वाटून दिली, दुसऱ्याला संध्याकाळ, आणि रोगी मधल्या वेळात झोपू लागला. रडणाऱ्या बायकांना त्या बँडेज गुंडाळायला बसवत. कपाट इतकं भरलं, की डॉक्टरांनी विचारलं, एवढी हाडं मोडायला माणसं कुठून आणायची?

"तापाचं काही नाही," बाई म्हणत. "माणसांचं अवघड आहे."

एकदा टाकव्याहून हौसा नावाची तरणी सून आली. मुदतीचा ताप. बरोबर नवरा आणि सासू सखूमावशी. बाईंनी रिवाजाप्रमाणे आधी मावशीचं मनगट धरलं आणि भुवई वर केली. नवरा बाहेर आंब्याखाली जो बसला तो उठायचं नाव घेईना. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला. डॉक्टरांनी पातळ पेज सांगितली, पण हौसाच्या पोटात काही ठरेना. दोन घोट घेई आणि उलटून टाकी. मावशी स्टुलावर बसून तिच्या तोंडाकडे एकटक बघत राही. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली. आता ही हातची जाते, असं डॉक्टर माझ्याशी बोलून गेले.

मी निकाल लावून मोकळा झालो होतो. सासुरवास, दुसरं काय? म्हातारीला गावी पाठवा, असं मी बाईंना सांगितलं. त्या दोन दिवस कपाटाशी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "म्हातारी कधी जेवते, पाहिलंत?"

मी पाहिलं नव्हतं.

बाईंनी मावशीला मागं विहिरीवर फडकी धुवायला धाडलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. मी शेजारी औषध ओतत होतो. हौसा भिंतीकडे बघत बोलली.

"आत्याबाई देवीला बोलल्यात. मी अन्नाला लागंस्तवर त्या अन्नाला शिवायच्या न्हाईत. तीन दिस पान्यावर हायत."

"मग तू खाल्लंस की त्याही खातील."

"ठाव हाय मला. म्हनून तर घाईघाईनं गिळते, आन् समदं उलटून येतं."

बाईंनी डोळे मिटले. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला कापडी पडदा आणायला सांगितला. तो खाटेला लावला, पलीकडे स्टुलावर मावशीला बसवून तिच्या हातात पेजेची वाटी दिली. दुसरी वाटी घेऊन स्वतः हौसाच्या उशाशी बसल्या आणि मोठ्यानं भुरके मारायला लागल्या. पेजेचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. प्रत्येक घोटाला चेहरा वाकडा होत होता.

पलीकडून आवाज आला, "खातीया व्हय?"

"ऐका की तुम्हीच," बाई म्हणाल्या.

जरा वेळानं पलीकडूनही भुरका ऐकू आला. मग दुसरा. हौसा डोळे मिटून ऐकत पडली होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत गेला, आणि तिनं वाटीसाठी हात पुढं केला. त्या दिवशी तिनं सावकाश अर्धी वाटी घेतली आणि ती पोटात राहिली. खोटं बोललात, असं मी नंतर बाईंना म्हणालो. त्या म्हणाल्या, "देवीला काय ते मी सांगेन."

आठवड्यानं ती मंडळी निघाली. गाडीत चढताना मावशीनं विचारलं, "बाई, तुमची सासू हाय का वो?"

"आहे. तळेगावला."

"मंग जाता का कवा?"

बाईंनी हौसाच्या औषधाची बाटली दोनदा पुसली आणि तिच्या हातात दिली. डॉक्टरांकडून मला एवढंच ठाऊक होतं, की नवरा गेल्यावर त्या नर्सिंग शिकायला घराबाहेर पडल्या, आणि तेव्हापासून ते दार त्यांना बंद झालं होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी रजा मागितली. माझ्या आठवणीतली पहिलीच. बाजारातून गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीचा पुडा घेऊन त्या सकाळच्या गाडीनं गेल्या आणि दुपारीच परतल्या. पुडा तसाच बांधलेला होता.

"भेट झाली?" मी विचारलं.

"दारापर्यंत गेले होते." त्यांनी चपला काढल्या आणि पाय चोळू लागल्या. "आत जेवणं चालली होती. मला पाहिलं असतं तर सासूबाई पानावरून उठल्या असत्या. या वयात जेवण मोडलं की पुन्हा घास जात नाही."

त्यांनी पुड्याची दोरी सोडली, एक वडी माझ्यापुढं ठेवली.

"दोनदा भात मागून घेतला त्यांनी," बाई म्हणाल्या. "तब्येत बरी आहे."