मदिनाला चौथीतच ठेवण्याबाबत

सर्वांना एकच माप लावणे हा न्यायाचा पाया होय. ज्याला ते माप बसत नाही, त्याने मापाला नावे न ठेवता आपल्या अंगाकडे पाहावे.

निघोज्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या वाडीच्या शाळेने हे तत्त्व स्वराज्य आल्यापासून निष्ठेने पाळले आहे. शाळा चौथीपर्यंत. चौथीची पातळी ठरलेली: दिवाळीपर्यंत आणे-पैची बेरीज, होळीपर्यंत हातच्याची वजाबाकी, आणि पुढे दिपोटीसाहेब परीक्षेला येईपर्यंत देवावर भरवसा. वर्ग या पातळीच्या बराच खाली होता, पण एकजुटीने होता. (त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.)

अशा सुखी वर्गात सायकली दुरुस्त करणाऱ्या रहिमानची मदिना दसऱ्यालाच पुस्तक संपवून बसली. बाप तिला म्हणाला होता, "औंदा पास झालीस तर चाकणला शमीमखालाकडं ठिवतो, म्होरं शीक. न्हाई तर दुकानात बस, पंक्चर काढ." पोरीने हे जरा जास्तच मनावर घेतले.

सोपानराव मास्तरांनी प्रकरण शाळा कमिटीपुढे ठेवले.

"आजून कुनाला लागन झालीया का?" अध्यक्ष कोंडाजी पाटलांनी विचारले.

"नाही. एकटीच आहे."

"मंग बेस. पसरू दिऊ नका."

कमिटी दयाळू होती. हुशार मुलांच्या खास गरजा असतात हे तिने एकमताने मान्य केले आणि त्या तत्काळ भागवल्या. मदिनाला वेळ उरतो, म्हणून तिने माठ भरावेत. तरीही उरला तर केलेलीच बेरीज डाव्या हाताने करावी. आणि दुपारी मास्तरांचा डोळा लागेल तेवढ्यापुरता वर्ग सांभाळावा. (मास्तरांची डुलकी ठरलेल्या पातळीत बसत होती. तिच्याबद्दल चर्चा झाली नाही.)

एवढे लाड करूनही हुशारी ओसरेना. तेव्हा कमिटीने ठरवले की, दिपोटीसाहेबांसमोर मदिनाने इतरांइतक्याच चुका कराव्यात, म्हणजे कोणाला कमीपणा वाटणार नाही.

"आन् मी नापास झाले तर?" मदिनाने विचारले.

"अगं, सगळे चुकणार. सगळ्यांना साहेब नापास करतात होय? वर्गाबरोबर चूक, वर्गाबरोबर पास हो."

पोरगी विचारात पडली. "पर मास्तर, बराबर उत्तर येकच आसतंय. चुकीची लई हायेत. त्यातलं कंचं दिऊ?"

मास्तरांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "तुला शोभेल असं दे."

साहेब आले. मदिनाने शोभेल असे उत्तर दिले. बाकीच्या वर्गाने मात्र एका सुरात बरोबर उत्तर दिले! पाटलांच्या सयाजीनेसुद्धा, ज्याच्या मिशा चौथीतच फुटल्या होत्या. दसऱ्यापासून दुपारी वर्ग कोण सांभाळत होते आणि सांभाळताना काय करत होते, हे पाहायला कोणी जागे नव्हते. निकाल (एक वगळता) शंभर टक्के लागला.

रहिमान हातात पाना घेऊन शाळेत आला. "मास्तर, ही कंची रीत? जिनं शिकवलं ती नापास, आन् शिकले ते चाकणला?"

"पाना खाली ठेव, रहिमानभाई," पाटील म्हणाले. "रीत झ्याक हाय. आमच्या सयाजीकडं बघ की!"

सयाजीकडे पाहून कमिटीला गहिवरून आले. मदिनाला आणखी एक वर्ष चौथीत ठेवावे, आणि पुढे दरवर्षी गरज पाहून मुदत वाढवावी, असा ठराव तिथेच मांडला गेला. (गरज कोणाची, हे आता सांगायला नको.) रहिमान तेवढा विरोधात आहे. म्हणून पालकांच्या सह्या घेतो आहोत.

आपण मदिनाच्या बाजूचे आहात, हे चेहऱ्यावरूनच दिसते. शाबास. पोरीला चाकणला धाडलेच पाहिजे. फक्त एवढे सांगा, औंदा आपले चिरंजीव चौथीत येताहेत, त्यांना हातच्याची वजाबाकी जमते का?

मग असे उन्हात का उभे? आत या. सही इथे, पाटलांच्या खाली.