वाघसाहेबांचं तेल

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांकडे गाड्या होत्या आणि सगळ्यांची अक्कल सरकारजमा होती.

तिथे रेवती नावाची एक पिसोरी राहायची. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण, पान गळलं तरी दचकणारं. रेवती तर पदवीधर होती, त्यामुळे ती पान गळायच्या आधीच दचकायची.

तिला दवाखान्यात नोकरी लागली होती. मोटरसायकलवरून घाटावरच्या वाड्यांना औषधं पोचवायची. पहिला महिना कामावर नजर राहणार होती. एक खेप चुकली तरी घरचा रस्ता. आणि घरी आई आणि दोन धाकटी भावंडं तिच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली.

गाडीचं तेल बदलायची वेळ आली, तेव्हा रेवतीने गाडीसोबत मिळालेलं पुस्तक तीनदा वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तेल पातळ हवं, मोटरसायकलचंच हवं, आणि ओझं घेऊन रोज घाट चढत असाल तर ते लवकर बदला. ते पान उघडं धरून ती साळिंदर मिस्त्रीकडे गेली.

मिस्त्रीने पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्याकडे एकाच प्रकारचे डबे होते आणि प्रत्येक डब्यावर वाघसाहेबांचा फोटो होता. हत्तीच्या ट्रकला तेच तेल, उंदराच्या स्कूटरलाही तेच. ‘माझ्या गाडीला काय चालेल’ असं त्या जंगलात कुणी विचारत नसे. ‘साहेब काय घालतात’ असं विचारत.

“पण काका, हे मोटारीचं आहे ना?” रेवती चाचरत म्हणाली. “माझ्या गाडीचा क्लच घसरेल, असं यात...”

“ताई, पुस्तकं वाचून गाड्या चालल्या असत्या तर तुम्ही इथे कशाला आला असता?” मिस्त्री म्हणाला. “का साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?”

मागे रांगेत कोल्हे फिदीफिदी हसले. एकाने तिचं पूर्ण नाव विचारून घेतलं. रेवतीने पुस्तक पिशवीत कोंबलं आणि साहेबांचं तेल भरून घेतलं.

तिसऱ्याच दिवशी घाटात क्लच घसरायला लागला. इंजिन नुसतं बोंबलत होतं, गाडी जागची हलत नव्हती. ढकलत ढकलत ती वर पोचली तेव्हा दिवस कलला होता. वाडीत एक माकडीण तापाने फणफणलेलं पिल्लू छातीशी धरून सकाळपासून उभी होती. तिने औषध घेतलं आणि रेवतीला प्यायला पाणी दिलं. रेवतीला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी दवाखान्यातलीच सरूमावशी घोरपड मात्र पलीकडच्या वाडीला वेळेवर पोचली. गाडी तसलीच. फक्त मावशीने पुस्तकातलं तेल शेजारच्या जंगलातून मागवून घातलं होतं.

दोघींची चौकशी बसली. चौकशी वाघसाहेबांच्या गॅरेजात, समितीचा अध्यक्ष तरस.

तेल कुठलं होतं, असं त्याने रेवतीला विचारलं. साहेबांचं, असं तिने सांगितलं. समितीच्या जिवात जीव आला. मग दोष घाटाचा ठरला आणि घाटाला नोटीस निघाली.

“तुम्ही साहेबांचं का नाही घातलं?” तरसाने मावशीला विचारलं. “त्यात काय खोट आहे?”

“खोट कसली? माझ्या गाडीत साहेबांचं इंजिन नाही, एवढंच.”

तरसाने हे वहीत टिपून घेतलं. मग वेळेवर पोचल्याबद्दल मावशीला घरी पाठवण्यात आलं.

मावशी गेली त्या दाराकडे बघवेना, म्हणून रेवतीने मान फिरवली, आणि दचकली. साहेबांची मोटार विटांवर उभी होती. चाकं नव्हती. उघड्या बॉनेटात इंजिनाच्या जागी साळुंकीचं घरटं होतं.

“काय बघताय?” तरसाने विचारलं.

“रंग छान आहे, सर,” रेवती म्हणाली.

तिला त्याच दिवशी नोकरीत कायम केलं.

तात्पर्य: बाळांनो, गाडीचं पुस्तक नीट वाचावं. म्हणजे आपण चुकीचं काय घालतोय ते पक्कं ठाऊक राहतं, आणि चौकशीत चुकून खरं बोललं जात नाही.