हाकोनेहून आणलेला खाऊ

खाऊचा डबा विश्रांतीच्या खोलीतल्या टेबलावर ठेवून शिझुए कुवाबारा दोन पावलं मागे सरकली, तेव्हा कुठे तिला झाकणावरची ठसठशीत अक्षरं दिसली : ‘हाकोनेला जाऊन आलो!’

दुकानाच्या हिशेबी काल तिला ताप होता. फोनवर ती चांगली खोकलीही होती. या दुकानात ती आठ वर्षं गल्ल्यावर होती, तासाच्या बोलीवर. तासावरच्या बायका रजा मागत नसत. मागितलीच, तर बदली माणूस आपणच शोधायचा आणि मग महिनाभर त्याच्यापुढे वाकत राहायचं. त्यापेक्षा ताप सोपा. पण हाकोनेच्या गरम झऱ्यांवरून परतताना स्टेशनवर हात आपसूक खाऊकडे गेला. गावाला जाऊन कामावर रिकाम्या हाताने कसं यायचं? शिवाय सोमवारी तिच्या सहामाही कराराचं नूतनीकरण होतं.

तिने डबा झटकन एप्रनखाली सारला, तोच मासळीच्या विभागातली नागोशी आत आली.

“उतरला का गं ताप?”

“उतरला.”

“आणि पोट कशाने चढलं? एका दिवसात?”

तेवढ्यात मॅनेजर मोमोसे दारात दिसले. साहेब दिसले की वाकायचं, एवढंच शिझुएच्या कमरेला ठाऊक. ती वाकली आणि डबा सरळ त्यांच्या बुटांपाशी जाऊन पडला, अक्षरं वर.

“हाकोनेला जाऊन आलो,” साहेबांनी मोठ्याने वाचलं.

शिझुएचे कान पेटले. “ताप तिथे गेल्यावर आला, साहेब.”

हे बोलल्यावर तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

नागोशी आपल्या कपाटाशी गेली आणि तिने एक डबा काढून टेबलावर ठेवला. ‘ओकिनावाला जाऊन आलो!’

“मार्चमध्ये माझी कंबर धरली होती ना, ती ही. आणावासा वाटला, पण द्यायचा कुठल्या तोंडाने?”

भाजीच्या विभागातल्या मिझुनोबाई दारातून सगळं बघत होत्या. त्यांनीही कपाट उघडलं. सासऱ्यांच्या ऑपरेशनचं कारण सांगून त्या गेल्या होत्या; डब्यावरून ते ऑपरेशन क्योतोत झालं होतं. बिस्किटांची मुदत कधीच संपली होती.

मोमोसे खुर्चीत बसले. एकेक डबा त्यांनी वाचून काढला.

“तासावरच्या लोकांनाही भरपगारी रजा असते,” ते शेवटी पुटपुटले. “कायद्याने. अर्ज माझ्या खणात आहेत.”

“कधीपासून?” नागोशीने विचारलं.

“मी इथे यायच्या आधीपासून. कुणी मागितलीच नाही, म्हणून मी...”

“तुम्ही सांगितलंच नाही, साहेब.”

हे आपणच बोललो, हे शिझुएच्या जरा उशिराने लक्षात आलं. ती घाईघाईने वाकली. माफी मागितली, पुन्हा वाकली, पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा मान वर केली तेव्हा साहेब खणातला कोरा अर्ज आणून उभे होते, आणि चक्क तेही वाकलेले.

“तारीख कालची टाका, कुवाबाराबाई. कराराचं सोमवारी ठरल्याप्रमाणे करू.”

तिने दोन्ही हातांनी अर्ज घेतला. चेहरा अजून लालच होता. चौथ्यांदा वाकता वाकता तिने जमिनीकडे बघतच विचारलं,

“साहेब, आणखी एक अर्ज मिळेल का? पुढच्या सहलीसाठी.”