भिला नानाची कडी

आमच्या सोनगीरचा भिला नाना भाकरीसुद्धा एक डोळा मिटून खातो. का, तर नेमाची सवय मोडू नये.

धुळ्याहून त्यानं छऱ्याची रायफल आणली, वर दुर्बीण. दूरच्या बांधावर पणती ठेवायची आणि अंगणातून फोडायची, एवढाच उद्योग. पण दुर्बीण बंदुकीवर धरून ठेवणारी जी लोखंडी कडी असते, तिला तो माउंट म्हणतो, ती काही त्याला पसंत पडेना. बुटकी लावली तर दुर्बिणीचं तोंड नळीला घासतं. उंच लावली तर गाल टेकत नाही. एक कडी तर प्रत्येक बार उडाला की मागं सरकायची. पोरीला स्थळं पाहावीत तशा कड्या पाहिल्या यानं.

"पाया हालना का नेम गया!" पाया हलला की नेम गेलाच, हे त्याचं पालुपद. चुलीवरच्या पातेल्यालाही तेच ऐकवतो.

मला काय त्याचं? पण झोंबलं. संध्याकाळची मंडळी आजवर माझ्या ओट्यावर बसायची. मी दुसरी शिकलेला, पण माझी गोफण फिरली की शिवारातली पाखरं उठायची. त्या गोष्टी ऐकायलाच माणसं येत. आता बठ्ठी, सगळीच्या सगळी, नानाच्या अंगणात. उंच का बुटकी, यावर हमरीतुमरी. आमची बायको त्यांना चहा देऊन आली अन् म्हणते, "उंचच शोभते हो." शोभते! माझी गोफण हिला जन्मात कधी शोभली नाही.

मग एकदाची कडी ठरली. दुर्बीण बसली, पणती फुटली. भांडायला काही उरलं नाही, तशी मंडळी माझ्याकडे परतली. मी गोफण पहिल्यापासून सांगायला घेतली. मधेच वाटलं, नानाचं पडलेलं तोंड तरी पाहून यावं.

नाना एकटाच होता. बायको कधीच गेलेली, पोरं सुरतेला. मंडळीसाठी मांडलेल्या खाटा तशाच. नीट बसलेल्या कडीच्या स्क्रूला त्यानं पाना लावला होता, सैल करायला. मला पाहून दचकला.

"ये भाऊ. देख ना, हाई कडी जराशी वाकडी शे का?"

मी वाकून पाहिलं. सरळ होती, सुतासारखी.

"वाकडीच शे," मी म्हणालो. "बुटकी लाई देख. थांब, मंडळीले बी इचारूत."

ओट्यावर आलो. माझी गोष्ट अर्धी राहिली होती, सगळे वाट पाहत होते.

"उठा रे," म्हटलं, "नानानी कडी आजून ठरनी नही."