तात्या भिंत वाजवून बघतात

शिवरामतात्या कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत वाजवतात. बोट दुमडायचं, टक् टक् करायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. "पोकळ हाय." किंवा, "भरीव हाय, खुशाल खिळा ठोका." मग खुर्ची, पाणी, ख्यालीखुशाली. बेलापूरला त्यांचे साडू वारले. दिवसकार्याला फोटो कुठे टांगायचा यावर घरात खल सुरू झाला, तेव्हा तात्या रडता रडता उठले, कुठल्या भिंतीवर साडू टिकतील ते वाजवून सांगितलं आणि परत रडायला बसले.

पाण्यासाठीच्या आमच्या धरणे आंदोलनालाही ते आले होते. मी घोषणा देत होते, तात्या कचेरीची भिंत वाजवत होते. जाताना म्हणाले, "पोरी, मागण्या बराबर हायेत. फकस्त ह्या भिंतीला टेकून बसू नका."

देवळाली प्रवरात आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीचं. पलीकडे तात्या आणि काकू, अलीकडे मी, माझी आई आणि माझ्या पत्रकांचे गठ्ठे. तात्या साखर कारखान्यात टाइमकीपर होते. उभी नोकरी दुसऱ्यांनी केलेल्या कामाची वेळ लिहिण्यात गेली, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळी कामं स्वतः करायला घेतली. सुतार, प्लंबर, वायरमन यांना घराची पायरी बंद. "मिस्त्री म्हंजे काय देव हाय का?" हे त्यांचं वाक्य. त्यांनी नळ दुरुस्त केला की पंखा बंद पडतो. कसा, ते वायरमनलाही सांगता आलेलं नाही.

यंदा तात्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. काकूंना जागा पुरत नव्हती, हे खरं होतं. डबे ओट्याखाली, परात दाराआड, मोठा कुकर पलंगाखाली. पुण्याच्या मुलानं नगरहून किचन ट्रॉल्यांवाला पाठवला. त्यानं टेप काढला. तात्यांनी भिंत वाजवली आणि म्हणाले, "भरीव हाय. च्या घे आन् जा. म्या करतो."

इथे माझं डोकं फिरलं. ज्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो ठरवणार पातेली कुठे राहतील? रांधायचं कुणी? मग मापं कुणाची? आणि काकूंना विचारलं कुणी? मी तडक काकूंकडे गेले. काकू ओसरीवर डाळ निवडत होत्या.

"काकू, हे अतिक्रमण आहे. विरोध करा!"

"केला की." काकूंनी खडा बाजूला टाकला आणि आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "पाडव्यापतुर मुदत दिलीया. पाडव्याचं पुरन ह्या ओट्यावर नीट शिजलं तर शिजलं. न्हाईतर ह्यांची हत्याराची पेटी भंगारात, आन् ट्रॉल्यावाला घरात."

 आत डोकावून बघितलं तर तात्या पेटीवर हात ठेवून बसले होते, नातवाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

काम सुरू झालं. काकूंची शेगडी ओसरीवर आली. फळी सरळ बसली का हे तात्या पाण्याच्या अर्ध्या बाटलीवरून बघायचे, आणि मध्येच तहान लागली की तेच पाणी प्यायचे. मग नव्यानं बाटली भरायची, नव्यानं फळी लावायची. मी रोज विचारायचे, "तात्या, काकूंची उंची तरी मोजलीत का?" तात्या तोंडातले स्क्रू न काढता म्हणायचे, "तिचं सगळं मोजल्यालं हाय." असल्या आत्मविश्वासाचा मला मनापासून संताप येतो.

एका सकाळी मी पत्रक लिहीत बसले होते. समोरच्या कॅलेंडरमधून, बरोबर संकष्टीच्या चौकोनातून, ड्रिलचं टोक आमच्या घरात आलं. भुरूभुरू माती पडली. टोक मागे गेलं आणि त्या जागी तात्यांचा आवाज आला. "पोरी, भिंत पोकळ निघाली गं."

"तुम्ही तर भरीव म्हणाला होता!"

"माझ्या बाजूनं भरीव हुती."

पाडव्याच्या सकाळी मी पाहणीला गेले. पाहणी म्हणजे पंचनामाच करायचा होता. पण खोटं का बोलू, काम देखणं होतं. ताटाळं, डब्यांच्या फळ्या, दारांची कपाटं. पलंगाखालच्या कुकरलाही घर मिळालं होतं. मी म्हटलं, चहा करून बघते. साखरेसाठी कपाट उघडलं, तर दार माझ्याच नाकावर आलं. पळी घ्यायला हात नेला, तर तिथे हूकच नव्हते. सगळे हूक शेगडीच्या भलत्या अंगाला. सांडशी घेताना माझेच दोन हात एकमेकांत अडकले आणि दूध उतू गेलं.

"तात्या, सगळं उलटं केलंय!"

"तुला उलटं हाय."

"मला? अख्ख्या गावाला उलटं आहे!"

"गाव येतंय व्हय हितं सैपाकाला?"

तेवढ्यात धुतलेली डाळ घेऊन काकू आल्या. आता पेटी गेली, मी मनात म्हटलं. तात्या कोपऱ्यात पान्हा धरून उभे. काकूंनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांचा डावा हात वर गेला. पळी आली. कपाट उघडलं, गूळ आला. झाकण, सांडशी, वेलदोड्याची डबी. बघून काहीच घेतलं नाही, तरी काहीच चुकलं नाही. काकू थांबल्या आणि स्वतःच्या हाताकडे बघायला लागल्या.

"काकू, तुम्ही डावखुऱ्या?"

"लगीन हुऊन आले तवा हुते. सासूबाईंना खपायचं न्हाई. डाव्या हातानं केल्यालं पाव्हनं खातील का, म्हनायच्या. त्या हातात जादा बांगड्या भरल्या हुत्या माझ्या. हात चालला की भाईर ऐकू जावं म्हनून. मग लागली उजव्याची सवय."

मी पेटून उठले. जाहीर निषेध! पण करायचा कुणाचा? सासूबाई फोटोत होत्या, आणि त्या फोटोमागची भिंत तात्यांनीच भरीव ठरवली होती.

तात्या पान्ह्याकडे बघत बोलले. "आई बाजारला गेली की आतून बांगड्या वाजायच्या. लई भराभरा. सैपाक निम्म्या टायमात व्हायचा. म्या वसरीवर बसून ऐकायचो. आईला कधी सांगितलं न्हाई."

"सांगितलं न्हाई," काकू म्हणाल्या, "पन 'चालू दे' बी म्हनला न्हाई."

"न्हाई म्हनलो." तात्यांनी पान्हा पेटीत ठेवला. "आता म्हनतो."

काकूंनी डाळीखाली गॅस पेटवला. पाठ वळवूनच म्हणाल्या, "टाइमकीपर म्हनं! लई टाइम लावला."

पुरण छान शिजलं. पेटी घरात राहिली. माझंही एक पत्रक छापायचं वाचलं, आणि इतकं हलकं मला कुठलीही मागणी मान्य झाल्यावर वाटलेलं नाही.

राहिलं आमच्या भिंतीचं भोक. ते बुजवायला तात्या रोज अकराच्या सुमाराला येतात, थापी आणि वाटीभर सिमेंट घेऊन. पण भिंत वाजवत नाहीत. भोकाला कान लावून उभे राहतात. पलीकडे पोळपाटावर लाटणं फिरत असतं, बांगड्या वाजत असतात, भराभरा.

"तुमच्या घरात बसून ऐका की," मी एकदा म्हटलं.

"म्या समोर बसलो की ती बुजती," तात्या हळूच म्हणाले. "लगीच उजवा हात काढती."

मग थापी उचलतात. "आज ऊन लई हाय. सिमेंट तडकंल. उद्या बघू."

मी कॅलेंडर दुसऱ्या खिळ्यावर हलवलं आहे.