डब्याबाहेरचा भाग

सेतुमाधवराव आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी माझी पोळी मोजली. खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला, पोळी मधोमध चिमटीत धरली, मग कडेला धरली आणि चष्मा कपाळावर सरकवून निकाल दिला, "मधी एक मिलिमीटर, कडेला दोन. स्टॉक क्लासात बसत नाही, अम्मा. मॉडिफाइडमधी घालू."

मी सांगलीची. माझ्या पोळीच्या कडा जाड म्हणण्याची हिंमत माझ्या सासूबाईंचीही झाली नव्हती. आमचे हे ताटात तोंड घालून हसत होते. मी मनात म्हटलं, थांबा म्हातारबुवा, आता भात वाढते, शितं मोजत बसा!

तर हे सेतुमाधवराव, आमचे सेतुकाका. माझी बँकेतली बदली चेन्नईला झाली, ह्यांना श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही काकांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. काका तंजावरचे मराठी. 'इकडे ये'ला 'हिंगे ये' म्हणणार, 'मला'ला 'मज' म्हणणार आणि प्रत्येक वाद एकाच तमिळ शब्दानं मिटवणार, "अव्वळवुदान!" म्हणजे, एवढंच, विषय संपला. आयुष्यभर लष्करी गाड्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढलं. निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही.

ती आता दर रविवारी गिंडीला चालायची. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका बंद शेडच्या मागं लाल मातीचं मैदान होतं. त्यावर रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत. खेळण्यातल्या नव्हेत हं! हातभर लांबीच्या, खाचखळग्यांतून उधळणाऱ्या, मातीच्या पोत्यांवरून कंबरभर उंच उडणाऱ्या. पहिल्या रविवारी मी नाक मुरडत गेले. दुसऱ्या रविवारी हातात वही घेऊन फेऱ्या मोजत होते. तिसऱ्या रविवारी घसा बसला म्हणून सोमवारी बँकेत रजा टाकली.

शर्यतीत दोन वर्ग. मॉडिफाइडमध्ये काय वाटेल ते लावा: ॲल्युमिनियमचे हात, तेलाचे शॉकॲब्सॉर्बर, तेव्हा नुकत्याच आलेल्या ब्रशलेस मोटरी. फक्त काय काय बदललं ते फॉर्मवर लिहा. स्टॉकमध्ये मात्र गाडी जशी डब्यातून निघाली तशीच पळवायची. स्टॉकची नियमावली काकांनी लिहिलेली, टाइप केलेली आणि तोंडपाठ. 'डब्यात आलं तेवढंच' हा नियम पहिला.

आणि जिंकलेल्या गाडीची काय ती तपासणी! चाक कानाशी धरून फिरवायचे. "डब्यातलं साधं बुश असं बोलत नाही. हे बॉल बेअरिंग बोलतंय. काढ बाहेर!" खरंच बेअरिंग निघायचं. दिनेश नावाचा आमच्या ह्यांच्याच कारखान्यातला इंजिनियर, फार गुणी, पण एकदा त्याचा एक स्क्रू हरवला म्हणून त्यानं दुसरा लावला. एक स्क्रू हो! काकांनी पहिल्या नंबरावरून खाली उतरवला. बिचारा म्हणाला, "सार, एका स्क्रूनं गाडी पळते का?" काका म्हणाले, "आज स्क्रू, उद्या मोटर. अव्वळवुदान."

काका स्वतःही स्टॉकमध्येच पळवायचे आणि नेमानं हरायचे. त्यांची पिवळी गाडी सगळ्यांत जुनी. वळणावर अशी काही डुलायची की मी डोळे मिटून घ्यायची. पण हरल्यावर त्यांची नजर जायची ती बक्षिसावर. बक्षीस काय, तर पितळेचा डबरा-टंबळर, म्हणजे वाटी आणि पेला. जिंकणाऱ्यानं तिथंच, सगळ्यांसमोर त्यातून फिल्टर कॉफी प्यायची. काका थर्मासमधून दर रविवारी दुसऱ्यांना ओतून द्यायचे आणि म्हणायचे, "एकदा तरी ह्यातनं प्यायची, अम्मा. मग मज काय नको." घरी कॉफी ते एकटेच प्यायचे. रुक्मिणीकाकू जाऊन तीन वर्षं झाली होती. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं: भला मोठा अंबाडा आणि हसू दाबून धरलेला चेहरा.

मोसमाची शेवटची शर्यत. सहा गाड्या. सुटल्या तशी धूळ उडाली आणि काका चौथे. नेहमीचंच, म्हटलं. पण सातव्या फेरीला दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि पिवळी मधून सटकली! दुसरी! माझ्या हातातली पेन्सिल मोडली. पुढं दिनेश, मागं काका. ओठ घट्ट मिटलेले, अंगठे रिमोटवर, आणि गाडीबरोबर सगळा म्हातारा डावीउजवीकडे कलतोय. शेवटची फेरी, शेवटची उडी. दिनेशची गाडी उंच उडाली, वाकडी पडली, उलटली. "काका, दाबा! दाबा!" मी ओरडतेय, कुठली बँक आणि कुठलं काय! पिवळी डुलत, खडखडत, धुरळ्यातून रेषेपार!

अहो, काय कल्ला झाला! दिनेशनंच काकांना उचललं. कुणीतरी टंबळरात कॉफी ओतली, वाफ निघाली. काकांनी टंबळर हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. "आधी तपासणी."

जिंकलेली गाडी मालकानं उघडायची नाही, दुसऱ्यानं उघडायची, हाही नियम त्यांचाच. ते मला म्हणाले, "हिंगे ये, अम्मा. तू उघड."

मी मिरवत गेले. वरचं पिवळं कवच चार बारक्या क्लिपांवर बसतं. तीन काढल्या. चौथ्या जागी क्लिप नव्हती. केसांचा आकडा होता. काळा, साधा, बायका अंबाड्यात खोचतात तसला. टोकाचा रंग उडालेला.

मला एका क्षणात कळलं. मी बाईच आहे, मला कळणार नाही तर कुणाला? पटकन काढला आणि मुठीत घेतला.

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं.

"मूठ उघड, अम्मा."

मी उघडली. काकांनी आकडा घेतला, शर्टाला पुसला आणि, देवा, व्हर्नियरमध्ये धरला. मोजलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोंडै-ऊसी. एक. डब्यातला भाग नाही. पिवळी गाडी बाद."

दिनेश कळवळला. "सार, ह्यानं काय वेग वाढणार? सोडा ना!"

"तुझ्या स्क्रूनं वाढला होता?" काका म्हणाले. "अव्वळवुदान."

दुसरा आलेला दिनेश आता पहिला ठरला, पण टंबळरला त्यानं हात लावला नाही. कॉफी तशीच गार झाली.

बसस्टॉपपर्यंत मी नुसती धुमसत होते. शेवटी फुटलेच. "काका, तुमच्या डबीत कंपनीच्या चाळीस क्लिपा आहेत. एक लावली असती तर? विसरलात ना?"

"विसरलो नाही." काकांनी पिवळी गाडी दुसऱ्या काखेत घेतली. "शर्यत सुटायला एक मिनिट होतं. क्लिप उडाली, सापडेना. तिनं अंबाड्यातली ऊसी काढली, खोचली, म्हणाली, आता पळवा. पुढच्या रविवारी ती नव्हती."

"मग तीन वर्षं तो आकडा तसाच..."

"हरणाऱ्याची गाडी कुणी उघडत नाही, अम्मा."

नियमाला एका स्क्रूचीही सूट न देणारा हा माणूस तीन वर्षं दर रविवारी स्वतःचाच नियम मोडत होता, आणि हरला की त्याचा आकडा सुखरूप राहत होता. मी म्हटलं, "नियमच बदलू. आकडा चालेल असं लिहू. सगळे सही करतील." ते एकदम कडक झाले. "माझ्या बायकोसाठी रूल वाकवायचा? ती हसेल मज."

नव्या मोसमाच्या पहिल्या रविवारी माझी खात्री होती की एक तर ते येणार नाहीत, नाहीतर मुकाट्यानं क्लिप लावून येतील. गाडी तर जिंकू शकते हे आता सगळ्यांना माहीत होतं. टंबळर हातभर अंतरावर होता.

काका आले. पिवळी गाडी काखेत, आकडा जागच्या जागी. स्टॉकच्या टेबलासमोरून तसेच पुढं गेले आणि मॉडिफाइडच्या रांगेत उभे राहिले. समोर ॲल्युमिनियमचे चकचकीत राक्षस, तिप्पट वेगाचे. काका त्यांत नऊ फेऱ्यांनी हरले. पुढच्या रविवारी दहा. दर वेळी मी ओरडून घसा बसवून घेते आणि ते रिमोट खाली ठेवून म्हणतात, "छान पळली."

त्या पहिल्या रविवारी फॉर्म तपासायचं काम माझ्याकडं होतं. बाकीच्यांनी बदललेल्या भागांची यादी पानभर दिली होती. काकांच्या फॉर्मवर एकच ओळ होती, त्यांच्या ठसठशीत अक्षरात: 'कोंडै-ऊसी, एक.' त्यापुढं त्यांनीच पूर्वी छापून घेतलेला रकाना होता, 'स्पेअर आहे का?'

तिथं लिहिलं होतं, 'नाही.'

मी सही केली आणि गाडी सोडली.